भिंतीवर फार्मासिस्ट, काउंटरवर पोऱ्या: आमच्या कॉलनीतल्या मेडिकलचा रिव्ह्यू

पाचपैकी दोन स्टार देतेय, आणि ते दोन्ही स्टॉकसाठी. दुकान दिसायला एकदम झकास आहे. काचेचा दरवाजा, एसी, म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या, एमआरपीवर सरसकट १५ टक्के सूट, व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो टाकला की पोरगं गाडीवर औषधं घरी आणून देतं, रात्री अकरापर्यंत उघडं, आणि खरं सांगायचं तर जी औषधं नाशिकभर फिरून मिळत नाहीत ती इथे हमखास मिळतात. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवतात आणि फ्रीजच्या दारावर तापमानाचा चार्ट पण लावलेला आहे, तो रोज भरतात की महिन्याच्या शेवटी एकदम भरतात ते त्यांचं त्यांना माहीत, पण चार्ट आहे. हे सगळं चांगलं म्हणून आधी लिहिलं. आता बाकीचं.

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण तक्रारीचं अजून पूर्ण मिटलेलं नाही आणि नाव टाकून मला कोणाशी वकिली नोटिशी खेळायच्या नाहीत. कॉलनीतल्यांना कळेलच. आणि हो, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते, त्यामुळे कोणाला वाटलं की बाई जरा जास्तच बारकाईने बघतेय तर बरोबर वाटतंय, माझं कामच ते आहे.

झालं असं की माझ्या सासूबाईंची शुगरची गोळी संपली होती. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५००, एकत्र एकाच गोळीत. मी ड्युटीवर होते म्हणून मिस्टरांनी दुकानात फोटो पाठवला, पोरगं गाडीवर येऊन पाकीट देऊन गेलं, आईंनी दुसऱ्या दिवसापासून गोळी चालू केली. मग सकाळी नाश्ता करून तासाभरात त्यांना घाम फुटायला लागला, हात थरथरायला लागले, म्हणाल्या "अगं मला कसंतरीच होतंय". ग्लुकोमीटर लावला तर शुगर साठच्या घरात. साखरपाणी दिलं, बिस्किटं दिली, वीसेक मिनिटांत माणसात आल्या. मग मी पाकीट बघितलं. नाव तेच, कंपनी तीच, रंग पण जवळपास तोच, फक्त नावाच्या शेवटी १ च्या जागी २. म्हणजे ग्लिमेपिराइड दुप्पट. त्यात पट्टी कात्रीने अशी कापलेली की एक्सपायरी आणि बॅच नंबर असलेला तुकडा दुकानातच राहिलेला, आणि बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर फक्त "शुगर गोळी" आणि रक्कम. ज्यांच्या घरात डायबेटिसचं माणूस आहे त्यांनी ह्या १ आणि २ कडे डोळ्यांत तेल घालून बघा, अशी औषधं ढीगभर आहेत, एका अक्षराचा किंवा एका आकड्याचा फरक.

मी पट्टी घेऊन दुकानात गेले. मालक स्वतः गल्ल्यावर होते. अगदी गोड माणूस हं, आवाज चढवला नाही काही नाही. "अहो मॅडम, सॉरी सॉरी, पोऱ्या नवीन आहे, आणा बदलून देतो", असं म्हणत माझ्या हातातली पट्टी घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली, बरोबर असलेली पट्टी काढली, कॉम्प्युटरवरनं नवं पक्कं बिल काढलं, मागच्या तारखेचं, आणि पहिला कागद चुरगाळून बादलीत. दोन मिनिटांत असं झालं की जणू चुकीची गोळी ह्या दुकानातून कधी गेलीच नव्हती. तरी बरं मी घरनं निघताना पट्टीचे आणि कागदाचे फोटो काढून ठेवले होते. मी विचारलं, "फार्मासिस्ट कुठे आहेत?" तर म्हणाले "मॅडम जेवायला गेल्यात". सकाळचे साडेअकरा. संध्याकाळी मुद्दाम परत गेले तर मॅडम जेवायला गेलेल्या. नंतर एकदा रात्री नवाला डोकावले तेव्हा तर जेवायलाच गेलेल्या असणार ना, तेव्हा काही विचारलंच नाही मी.

आता इथे एक गोष्ट सांगते कारण लोकांना वाटेल चूक झाली म्हणून मी दुकानाच्या मागे लागलेय. चुका होतात. आमच्या हॉस्पिटलमध्ये पण होतात, म्हणून तर एकाने काढलेलं औषध दुसरा तपासतो, सारख्या नावांची औषधं वेगवेगळ्या कप्प्यात ठेवतो, आणि चुकून काही गेलंच तर डॉक्टरला फोन, पेशंटला फोन, रजिस्टरला नोंद. माझी नणंद इंग्लंडला लेस्टरमध्ये फार्मसी टेक्निशियन आहे, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखाली औषधं काढून देणारी, ती म्हणते त्यांच्याकडे पेशंटच्या हातात जायच्या आधी पकडलेली चूकसुद्धा लिहून ठेवायची, का झाली ते महिन्याला बसून बघायचं. तिकडे आधी चुकीचं औषध देणं हा सरळ फौजदारी गुन्हाच होता, त्यामुळे लोक लपवायचे, मग २०१८ मध्ये कायदा बदलला की रजिस्टर्ड फार्मसीत अनवधानाने चूक झाली, कळल्यावर लगेच पेशंटला सांगितलं, तर बचाव आहे. म्हणजे तिकडच्या सरकारला पण कळलं की चुकीला फाशी दिली की चुका कमी होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. पण मागच्या तारखेचं बिल काढणं, पुरावा ड्रॉवरमध्ये टाकणं, ह्याला चूक नाही म्हणत. माझा राग तिथे आहे. त्या माणसाने जर फक्त एवढं विचारलं असतं ना, की "आजींनी किती गोळ्या घेतल्या, आता कशा आहेत", तर मी बहुतेक इथे काही लिहिलंच नसतं.

मग मी ते भिंतीवरचं सर्टिफिकेट नीट वाचलं. प्रत्येक मेडिकलमध्ये असतं, गणपतीच्या फोटोशेजारी, लायसन्सच्या रांगेत. एक फॉर्म २० आणि एक फॉर्म २१, ही दुकानाची लायसन्सं, एफडीए देतं म्हणजे आपलं अन्न व औषध प्रशासन. आणि तिसरं असतं फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन, ते महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल देतं, त्यांचं ऑफिस मुंबईत मुलुंडला. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कृपया डोक्यात ठेवा कारण तक्रारीच्या वेळी सगळा घोळ इथेच होतो. दुकान एफडीएचं, माणूस कौन्सिलचा. आणि नियम काय म्हणतो, तर औषध नियमांमधला ६५ नंबरचा नियम, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या समोर, त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. तो दुकानात हजर पाहिजे, फोनवर असून चालत नाही. त्यात २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये तर पांढरा कोट आणि नाव-रजिस्ट्रेशन नंबरचा बॅज पण सांगितलाय. तुमच्या मेडिकलवाल्याच्या अंगावर शेवटचा बॅज कधी बघितला ते आठवा. मला तर फक्त औषध निरीक्षक येणार असल्याची कुणकुण लागली की कोट दिसतो, मग परत तो खिळ्यावर.

तर सर्टिफिकेटवरचं नाव वाचलं आणि मी उडालेच. माझ्याच कॉलेजची, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मागे असलेली मुलगी. नाव अर्थातच लिहीत नाही. ती लग्न होऊन केव्हाच पुण्याला गेली, हे मला पक्कं माहीत होतं कारण हॉस्टेलच्या ग्रुपवर तिच्या घराच्या वास्तुशांतीचे फोटो मीच लाइक केले होते. म्हणजे मॅडम जेवायला गेल्या होत्या त्या थेट पुण्याला.

फोन लावला. आधी ती बावरली, मग म्हणाली, "ताई, माझ्या बाबांच्या ओळखीतलं दुकान आहे, कॉलेज संपल्यावर लगेच दिलं होतं सर्टिफिकेट, वर्षाचे पैसे खात्यात येतात, मी तर तिकडे फिरकत पण नाही, मग माझ्यामुळे कोणाला काय त्रास?" मी म्हटलं, "अगं तू फिरकत नाहीस हाच तर त्रास आहे." तिला खरंच वाटत होतं की आपण काही करत नाही म्हणजे आपण काही चुकीचं करत नाही. आणि एकटी ती नाही हो. आमच्या बॅचमधले निम्मे तरी एमआर झाले, म्हणजे डॉक्टरांकडे कंपनीच्या औषधांचा प्रचार करत फिरणारे, काही कंपनीत लागले, काही शिकवायला लागले, कितीतरी मुलींचं लग्नानंतर सुटलंच, आणि सर्टिफिकेट मात्र कुठल्यातरी दुकानात नोकरी करतंय. ह्याला धंद्यात सगळे "सर्टिफिकेट लावणं" म्हणतात, अगदी भाड्याने खोली दिल्यासारखं बोलतात. प्रॅक्टिस रेग्युलेशननुसार दुकानात हजर न राहता सर्टिफिकेट देणं हे गैरवर्तन आहे, आणि त्यावर नाव रजिस्टरमधून जाऊ शकतं, हे तिला मी सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतताच होती. बरं, मला तिचीही बाजू कळते. दुकानात पूर्ण वेळ बारा-बारा तास उभं राहणाऱ्या फार्मासिस्टला जो पगार देतात तो ऐकला तर तुम्हीच म्हणाल त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. मालकाला फार्मासिस्ट नकोय, फार्मासिस्टची फ्रेम पाहिजे, कारण फ्रेम स्वस्त पडते आणि फ्रेम "ही गोळी अशी देता येणार नाही" असं म्हणत नाही. पण म्हणून सही विकायची का, तर नाही. माझ्या सासूबाईंच्या बिलावर, त्या मागच्या तारखेच्या, "रजिस्टर्ड फार्मासिस्ट" म्हणून जी सही होती ती हिच्या नावाची होती. तिने ते बिल जन्मात बघितलेलं नाही.

बाकी दुकानात काय काय चालतं ते पण लिहिते, सगळं मी स्वतः उभं राहून बघितलेलं.

एक काका आले, "झोपेची द्या नेहमीची". पोऱ्याने चिठ्ठी मागितली नाही, अल्प्राझोलामची पट्टी काढली, पाच गोळ्या कापून दिल्या. हे औषध शेड्यूल एच-वन मध्ये येतं, ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे, ह्यातलं औषध द्यायचं म्हणजे चिठ्ठी बघायची, आणि वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. काकांचं नाव कुठेही लिहिलं गेलं नाही. ते काका रोज ही गोळी घेतात का, दारूबरोबर घेतात का, एकदम बंद केली तर काय होईल, हे विचारायला जो माणूस दुकानात असायला पाहिजे तो नव्हता.

एका कॉलेजच्या मुलाला जांघेत खाज येत होती, लाजत लाजत सांगत होता बिचारा. त्याला ट्यूब दिली ती, ती सगळीकडे मिळणारी, ज्यात स्टेरॉइड पण आहे, अँटिबायोटिक पण आहे आणि फंगसचं औषध पण आहे. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक खूश असतात आणि मग महिन्याभराने तेच गजकर्ण सगळीकडे पसरतं आणि स्किनच्या डॉक्टरला पण ओळखू येईनासं होतं. अशा स्टेरॉइडच्या मलमांना २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत टाकलंय. पोऱ्याने वरनं सल्ला दिला, "दिवसातनं तीनदा लाव, चोळून". चोळून!

आणि तिसरं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली ते आठवत असेल, कोल्ड्रिफ नावाचं, तामिळनाडूत बनलेलं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. तेव्हा आपल्या एफडीएने पण त्या एसआर-१३ बॅचबद्दल सगळीकडे कळवलं होतं की विकू नका, असेल तर कळवा. मी त्या आठवड्यात दुकानात मुद्दाम विचारलं, "ती बॅच तपासली का?" पोऱ्या म्हणाला, "कोणती बॅच?" त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असले मेल ज्या बाईंनी वाचायचे त्या पुण्यात. तेवढ्यात एक बाई कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर घेऊन आल्या, सर्दीचं काहीतरी द्या म्हणून, तर ह्याने बिनधास्त क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचं सिरप काढलं. चार वर्षांखालच्या मुलांना हे मिश्रण देऊ नका, असं २०२३ मध्येच केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगून लेबलवर लिहायला लावलंय. मी मध्ये पडले, त्या बाईंना म्हटलं डॉक्टरला दाखवा, तोपर्यंत नाकात सलाईनचे थेंब टाका. पोऱ्या माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याचं गिऱ्हाईक पळवलं.

त्या पोऱ्याबद्दल पण लिहायला पाहिजे. वीसेक वर्षांचा असेल, बारावी झालेला, हुशार आहे, हजारो औषधांच्या जागा पाठ. आणि गंमत बघा, फार्मसी कायद्याचं जे कलम ४२ आहे, की रजिस्टर्ड फार्मासिस्ट सोडून इतर कोणी चिठ्ठीवर औषध द्यायचं नाही, त्यात सरळ सरळ पहिला सापडतो तो हा पोऱ्या. आधी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता, १९४८ सालचा कायदा, तेव्हा हजार म्हणजे मोठी रक्कम असेल, नंतर ती एका दिवसाच्या चहापाण्यात निघायची. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांपर्यंत आणली पण दंड दोन लाखांपर्यंत नेला. मालक गल्ल्यावर, मॅडम पुण्यात, आणि कायद्यासमोर उभा कोण तर महिना काही हजारांवर राबणारा हा. नणंदेकडे टेक्निशियन लोकांची पण रजिस्टरमध्ये नोंद लागते, २०११ पासून सक्तीची आहे, तिकडच्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे फार्मासिस्ट आणि टेक्निशियन दोघांचं रजिस्टर असतं, गैरवर्तन झालं तर टेक्निशियनची पण सुनावणी होते, वॉर्निंग, अटी, जास्तीत जास्त बारा महिने निलंबन किंवा नावच काढतात, आणि निर्णय वेबसाइटवर कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे ह्या पोराचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. नोंद नाही, ट्रेनिंग नाही, म्हणून मग काढून टाकायला पण काही नाही. उद्या दुसऱ्या दुकानात उभा राहील.

आता तक्रारीचं, कारण निम्म्या लोकांना माहीतच नाही कुठे करायची, आणि गुगलवर एक स्टार देऊन मोकळे होतात. दुकानासाठी एफडीए. टोल फ्री नंबर आहे १८०० २२२ ३६५, किंवा जिल्ह्याच्या ऑफिसात सहायक आयुक्त, औषधे, ह्यांच्या नावाने अर्ज द्या. जवळ काय पाहिजे, तर चिठ्ठीची कॉपी, बिल, आणि औषधाच्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो. पट्टी परत करू नका. तोंडी "ते लोक असं करतात" ह्याने काही होत नाही. मी फोटो जोडून अर्ज दिला, पोच घेतली. मग औषध निरीक्षक येऊन तपासणी करतात, बिलं-रजिस्टरं बघतात, दुकानाला कारणे दाखवा नोटीस जाते, मालकाचं म्हणणं ऐकलं जातं, आणि मग त्याच औषध नियमांमधल्या नियम ६६ खाली लायसन्स काही दिवस निलंबित किंवा रद्द. त्यावर मालकाला राज्य शासनाकडे अपील करता येतं, म्हणजे मंत्र्यांकडे, आणि अपिलाचं पुढे काय होतं हे त्या त्या फाइलीवर.

आणि माणसासाठी फार्मसी कौन्सिल. हे लोक विसरतात, लायसन्स बंद झालं की संपलं असं वाटतं, पण ज्याने सर्टिफिकेट लावलं तो तसाच राहतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानात लावतो. फार्मसी कायद्याचं कलम ३६ आहे, त्यात कौन्सिलची कार्यकारी समिती त्या फार्मासिस्टला बोलावते, बाजू मांडायची संधी देते, आणि व्यवसायाला न शोभणारं वर्तन सिद्ध झालं तर नाव काढायचा आदेश देऊ शकते, कायमचा किंवा ठराविक वर्षांसाठी. तो आदेश पूर्ण कौन्सिलने मंजूर करावा लागतो, आणि मंजूर झाल्यावर तीन महिने उलटेपर्यंत लागू होत नाही, शिवाय तीस दिवसांत सरकारकडे अपील आहेच. हे वाचून कोणी म्हणेल किती वेळकाढू, पण मला ते ठीक वाटतं, एखाद्याची भाकरी काढून घ्यायची तर नीट ऐकून घ्या. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे, की गिऱ्हाइकं तक्रार कौन्सिलपर्यंत नेतच नाहीत.

मी माझ्या ज्युनिअरला सांगितलं, एक तर तू स्वतः एफडीएला लिहून त्या दुकानावरनं नाव काढून घे, नाहीतर माझा दुसरा अर्ज मुलुंडला जाईल. तिच्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, एवढं कशाला ताणताय". तिने मात्र त्याच आठवड्यात राजीनामा टाकला आणि मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नाही, नमस्कार पण नाही. बिलांवरच्या सह्यांचं पुढे काय व्हायचं ते निरीक्षकांच्या रिपोर्टवर आहे, त्यात मी पडत नाही. हॉस्टेलच्या ग्रुपवर माझ्याबद्दल बरंच बोलून झालंय असं ऐकते. बोलू देत.

जरा वय असलेल्यांना २०१२ च्या आसपासचं आठवत असेल. महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते, त्यांनी फार्मासिस्ट नाही तर औषध नाही असा बडगा उचलला होता, राज्यभर दुकानं तपासली, लायसन्सं निलंबित केली, आणि केमिस्ट लोकांनी बंद पुकारले, की एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून. तेव्हा मला केमिस्टांचं थोडं पटलं पण होतं. आज मात्र पटत नाही, गल्लोगल्ली फार्मसी कॉलेजं निघालीत, दरवर्षी पोरं बाहेर पडतायत, आणि तीच पोरं काम मागायला गेली की मालक म्हणतात "सर्टिफिकेट लाव, यायची गरज नाही". फार्मासिस्ट आहेत, त्यांना यायला कोणी सांगत नाहीये.

तर अपडेट. निरीक्षक आले, दुकान काही दिवस बंद होतं, शटरवर बोर्ड काय लावला तर "नूतनीकरणासाठी बंद". नूतनीकरणात एकच गोष्ट नवीन आली, एक खराखुरा फार्मासिस्ट, डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झालेला पोरगा, मालेगावकडचा, अंगावर कोट, बॅज. चिठ्ठी वाचतो, तारीख बघतो, "आधीची पट्टी आणलीय का" विचारतो, औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारतो, पट्टी कापताना एक्सपायरीचा तुकडा गिऱ्हाइकाकडे देतो. दुसऱ्या कंपनीची गोळी परस्पर देत नाही, डॉक्टरला फोन करा म्हणतो. त्यामुळे काय झालं, तर रांग लागते. आणि कॉलनीतले लोक आता मलाच ऐकवतात, "तुमच्यामुळे दहा मिनिटं जास्त लागतात हो वहिनी", झोपेच्या गोळीवाले काका तर माझ्याशी बोलत पण नाहीत, ते दोन चौक पलीकडच्या मेडिकलला जायला लागलेत. मालक भेटले की अजून तसेच गोड हसतात. सूट १५ वरनं १० टक्क्यांवर आणलीय, म्हणाले "पगार द्यावा लागतो ना मॅडम आता". पाच टक्क्यांत फार्मासिस्ट मिळत असेल तर मला तरी महाग वाटत नाही.

हे सगळं धरून आजच्या तारखेला तीन स्टार करते. बिलं आता पक्की मिळतात, बॅच नंबरसकट. घरपोच सेवा अजून तशीच आहे, पोरगंच पाकीट घेऊन येतं, त्यामुळे मी घरपोच मागवत नाही आणि तुम्हीही शुगर, बीपी, थायरॉइड, रक्त पातळ करायची गोळी असलं काही मागवू नका, जाऊन घ्या आणि काउंटरवरच पट्टीवरचं नाव आणि आकडा चिठ्ठीशी ताडून बघा. पार्किंग नाही, गाडी समोरच्या डेअरीजवळ लावावी लागते. आणि रविवारी त्या फार्मासिस्टची सुट्टी असते. दुकान मात्र रविवारी पण रात्री अकरापर्यंत पूर्ण उघडं असतं, तेव्हा काउंटरवर कोण असतं ते वर लिहिलंय, त्या दिवशी तिथनं साबण आणि डायपर घ्या.